दाराचा रंग

“पडदा उलटा कुणी टांगला?”

विश्रामने विचारलं तेव्हा बाळनाना पेंटर रंगमंचावर पाट घेऊन ब्रश धूत बसले होते. वर न बघता म्हणाले, “मी.”

विश्रामच्या मस्तकात तिडीक गेली. गावातली विणकर गल्ली आगीत गेली होती. तिच्या मदतीसाठी आज नाटकाचा खेळ होता. पडद्याचं काम नानांनीच आपल्या या शिष्यावर सोपवलं होतं. नेहमीचा रस्त्याचा पडदा बाजूला ठेवून विश्रामने जळकी गल्लीच रंगवली होती. पडक्या भिंती, कोळसा झालेले माग, छपरातून दिसणारं आभाळ. पुण्याच्या मोठ्या नाटक कंपनीचे मालक खेळाला येणार होते. हा पडदा बघितला की ते आपल्याला ठेवून घेणार, अशी त्याची खात्री होती. आणि आता लोकांसमोर काय? मांजरपाटाची कोरी पाठ.

तो वाट्टेल ते बोलला. नानांना हल्ली दिसत नाही, पण शिष्याचं काम खुपायला तेवढी नजर पुरते, असंही बोलून गेला.

नानांचा हात थांबला नाही.

“काळा कुठून आणलास?”

विश्रामची मान ताठ झाली. दुकानातल्या काळ्याला ती धग नाही, तो म्हणाला. म्हणून गल्लीतल्याच एका घराची जळकी तुळई आणली, कुटली, वस्त्रगाळ केली आणि सरसात कालवली.

“खरा काळा आहे, नाना.”

“घर कुणाचं?”

“कोपऱ्यावरचं.”

“कुणाचं?”

“ते नाही विचारलं.”

“बरं. दाराचा रंग कोणता होता?”

“दार जळून गेलंय.”

“जळायच्या आधी.”

नानांनी ब्रश पाण्यात आपटला. “आठ दिवस तिथं बसून चित्रं काढलीस. ऊठ. विचारून ये.”

मागच्या अंगणात गल्लीतल्या बायका नटमंडळींसाठी भाकऱ्या थापत होत्या. कोपऱ्यावरचं घर चंपाक्काचं निघालं. तुळई नेणारा तूच काय, असं तिने विचारलं. तिला वाटलं होतं, बिचाऱ्याला चुलीला लाकूड नसेल, म्हणून ती काही बोलली नव्हती.

रंगाचं विचारल्यावर तिने तव्यावरची भाकरी उलटली.

“आठ दिस माझ्या दारात बसलास. पाणी मागितलंस, बसाय पोतं मागितलंस. ह्ये आज इचारतोस व्हय?”

मग मात्र तिने सगळं सांगितलं.

विश्राम परत आला तेव्हा त्याचे कान तापले होते. राग होता तेवढाच होता, पण तो आता कुणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं.

“हिरवं होतं,” तो म्हणाला. “गडद. लेकीच्या लग्नाला चंपाक्काच्या नवऱ्याने स्वतः रंगवलं होतं. ओला हात चौकटीला लागला, तो ठसा तिने कधी पुसू दिला नाही.”

“नवरा?”

“आगीत गेला.”

विश्रामने उलट्या पडद्याकडे पाहिलं.

“खेळाला तीन तास उरलेत, नाना. तेवढ्यात नवी गल्ली कशी होणार?”

नाना उठले. पडद्याची कोरी पाठ त्यांनी तळहाताने साफ केली आणि धुतलेला ब्रश त्याच्या हातात दिला.

“एक दार होईल. हिरवा कालव.”