ठाऊक असलेली भेग

तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या एका गावी त्र्यंबकशेट नावाचे व्यापारी राहत होते. त्यांचा कान फार तयार. हंडा असो, घंगाळ असो, बोटाने एक टिचकी मारायची आणि नाद ऐकायचा. ‘ठण्’ वाजलं तर भांडं चांगलं. ‘बद्द’ वाजलं तर कुठेतरी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो की न दिसो. या कानाच्या जोरावर शेटजी मोठे झाले आणि उतारवयात त्यांनी दोन प्रवासी विमानंही घेतली. गावातले लोक त्यांना कौतुकाने थोरली आणि धाकटी म्हणत.

शेटजींकडे सगळं होतं, फक्त विश्वास नव्हता. चिरलेलं भांडं चांगलं म्हणून गळ्यात मारणारे लोक त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यामुळे समोर माणूस आला की त्यांना आधी चीरच दिसायची. संशय आला तरी ते कधी विचारत नसत, पाळत ठेवत. म्हणत, “विचारलं की माणूस सावध होतो. गुपचूप बघितलं की सापडतो.”

त्यांच्या पत्नी गिरिजाबाई मोठ्या व्रतस्थ. त्या हसून म्हणायच्या, “अहो, देवळात प्रदक्षिणासुद्धा तुम्ही चपलांकडे बघत घालता!”

एकदा काय झालं, विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा एक आदेश आला. थोरलीच्या जातीच्या काही विमानांत, पंख जिथे धडाला जोडलेला असतो तिथे, बोल्टांच्या भोकांत केसासारख्या भेगा सापडल्या होत्या. म्हणून उड्डाणांचा अमुक एक आकडा भरला की विमान थांबवायचं. तिथले बाराही बोल्ट काढायचे. प्रत्येक भोक यंत्राने तपासायचं. भेग नसली तरी बोल्ट मात्र नवेच घालायचे. भेग निघाली तर दुरुस्ती होईपर्यंत विमान जमिनीवर. आणि काहीच सापडलं नाही, तर काही सापडलं नाही असंही लेखी कळवायचं.

शुक्रवारी संध्याकाळी थोरली उतरली आणि तिचा आकडा भरला. शनिवार तपासणीला होता. रविवारी सकाळी तर तिला उडायचंच होतं, कारण गिरिजाबाईंचे सोळा सोमवार पुरे झाले होते. सतराव्या सोमवारी माहेरच्या महादेवापुढे उद्यापन करायचं, म्हणून सोळा जोडपी थोरलीतून जाणार होती; धाकटीत एवढी माणसं मावत नसत. खिडकीशी, नेमक्या पंखावरच्या जागेवर, गिरिजाबाई स्वतः बसणार होत्या.

शेटजी जेवताना पुटपुटले, “काल उडालं, आज उडालं, आणि उद्या म्हणे तपासा. चांगले बोल्ट काढून फेकायचे, हे कुठलं शहाणपण?”

“पंधरा सोमवार नीट पार पडले म्हणून सोळावा कुणी सोडतं का?” गिरिजाबाई म्हणाल्या. “आकडा म्हणजे आकडा.”

“व्रताची गोष्ट वेगळी. देव काही फसवत नाही. ही माणसं आहेत.”

शनिवारी सकाळी शेटजी विमान ठेवायच्या हँगरमध्ये हजर. त्यांनी थोरलीच्या पंखाखाली खुर्ची मांडायला लावली आणि ठाण मांडून बसले. काम करणारी माणसं दोन. बोल्ट काढणारा मुबारकभाई, दाढी पिकलेला, जिभेचा तिखट. आणि भोकं तपासणाऱ्या द्वारकाबाई. त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला असे, कारण त्यांच्या हातून पंखात काही पडलेलं त्यांना खपत नसे.

“शेटजी, इथे वरून तेल ठिबकतं बरं का. धोतर पांढरंशुभ्र आहे तुमचं,” मुबारकभाई म्हणाला.

“ठिबकू दे. मला सगळं दिसलं पाहिजे.”

“आम्हाला तर यंत्र लावून दिसतं. तुम्हाला खुर्चीवरून दिसत असेल, तर आम्ही आपले घरी जातो!”

पहिला बोल्ट निघाला. आरशासारखा लखलखीत. शेटजींनी तो हातात घेऊन टिचकी मारली. ठण्!

“हा खराब?” त्यांनी भुवई उंचावली.

“खराब आहे असं कुठे म्हटलं मी?” द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. “धातूही थकतो, शेटजी. घरच्या बादलीची कडी कुठे तुटते?”

“कानापाशी.”

“बरोबर. रोज उचलायची, रोज ठेवायची, ताण सगळा तिथे. आता सांगा, तुटायच्या आदल्या दिवशी ती वाजवली असती, तर काय वाजलं असतं?”

शेटजींनी बोल्ट परत दिला. मनात म्हणाले, बाई बोलायला पटाईत आहे. इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी झाकतच असतो.

मग त्यांची नजर बाईंच्या हातांवर खिळली. द्वारकाबाईंकडे पेन्सिलीएवढी एक तपासणीची कांडी होती. तिची वायर खालच्या यंत्राला जोडलेली होती आणि यंत्रावर एक सुई होती. पण भोकात कांडी घालण्याआधी बाई एक भलतंच काम करत. लाल कापडाच्या पिशवीतून बोटाएवढी धातूची पट्टी काढत. कांडी तिच्यावरून फिरवत. सुई टुणकन उडे. मग कांडी भोकात घालून सावकाश फिरवत. सुई जागची हलत नसे. नंतर पुन्हा पट्टी. पुन्हा सुई उडे. मगच बाई कागदावर एक खूण करत आणि पट्टी पिशवीत घालत.

पहिल्या भोकाला असं. दुसऱ्याला असंच. पाचव्यालाही तसंच.

शेटजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. सुई उडते ती फक्त त्या पट्टीपाशी! म्हणजे सुई बाईंच्या मुठीत आहे तर. बाराव्या भोकाला ही बाई पट्टी हातात लपवेल, सुई उडवून दाखवेल आणि म्हणेल, सापडली भेग. मग थोरली महिनाभर इथेच, आणि हे दोघे महिनाभराची मजुरी खात तिच्याभोवती फिरणार! त्यांना वाटलं, एकदा सरळ विचारावं, बाई, ही पट्टी कसली? पण जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला. विचारलं की माणूस सावध होतो.

आठ भोकं झाली. नवव्याला बाईंनी कांडी पट्टीवरून फिरवली, सुई उडाली. आता नीट बघायचं म्हणून शेटजींनी खुर्ची खर्रकन आणखी पुढे ओढली. बाईंनी कांडी भोकात घातली. सुई जागची हलली नाही. तेवढ्यात पलीकडून मुबारकभाईने हाक मारली, “बाई, जरा दिवा धरता का?” द्वारकाबाईंनी पट्टी तबकात ठेवली आणि त्या पलीकडे गेल्या.

शेटजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पट्टी उचलली आणि बंडीच्या खिशात टाकली. आता बघू, मनात म्हणाले, सुई कशी उडते!

बाई परतल्या. तबकात पट्टी नाही. पिशवीत नाही, शिडीच्या पायऱ्यांवर नाही. त्यांनी कांडी खाली ठेवली.

“काम थांबवा, मुबारकभाई. पट्टी सापडेपर्यंत काही नाही.”

“अहो, पण नववं झालं ना?” शेटजी खुर्चीतून उठलेच. “सुई हलली नाही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. करा खूण, आणि राहिलेली तीन उरका.”

“सुई हलली नाही, हे खरं,” बाई म्हणाल्या. “पण खूण नाही करणार मी.”

बाई अडल्या म्हणताच शेटजींचा संशय आणखी पक्का झाला. जादूची पट्टी गेली आणि बाईंचे हातच बांधले गेले! आता ही कुणावर तरी आळ घेणार. बहुधा माझ्यावरच. ते उत्तर तयार ठेवून उभे राहिले.

पण द्वारकाबाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी आधी स्वतःच्या कामाच्या कोटाचे खिसे उलटे केले. मग स्वतःची पर्स सगळ्यांसमोर रिकामी केली. कुंकवाची डबी, बसचा पास, रुमाल, सुईदोरा. “माझ्याच हातून कुठेतरी गेली असणार,” त्या पुटपुटत होत्या. मुबारकभाईनेही न सांगता खिसे झटकले. तपकिरीची डबी निघाली, आणि नातीने दिलेली एक लिमलेटची गोळी.

“हिला पट्टी समजून यंत्राला दाखवू नका बाई, नात रागावेल,” तो म्हणाला.

दोघंही गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागले. शेटजी वरून बघत होते. खिशातली पट्टी त्यांना एकाएकी जड वाटू लागली.

इतक्यात गिरिजाबाई डबा घेऊन आल्या. बघतात तर बाई जमिनीवर, मुबारकभाई जमिनीवर, आणि यजमान खांबासारखे उभे. झाला प्रकार मुबारकभाईने सांगितला. गिरिजाबाई खाली वाकल्या आणि त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला.

“द्वारकाबाई, ती पट्टी लागते तरी कशाला हो?”

सकाळपासून शेटजींनी गिळलेला प्रश्न हाच होता.

द्वारकाबाई म्हणाल्या, “त्या पट्टीत एक भेग आहे, ताई. मुद्दाम पाडलेली, मोजून. ती मला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक भोकाच्या आधी आणि नंतर मी यंत्राला तीच दाखवते. ठाऊक असलेली भेग त्याला दिसली, तर न दिसलेल्या भेगेबद्दल मी त्याच्यावर भरवसा ठेवते. भोकात सुई हलली नाही याचे अर्थ दोन होतात. एक तर भेग नाही. नाहीतर यंत्रच आंधळं झालंय. पट्टीशिवाय मला कसं कळणार? तुम्ही उद्या या पंखावरच्याच जागेवर बसणार ना?”

गिरिजाबाईंनी हात जोडले. “म्हणजे तुम्ही दर वेळी आधी स्वतःवरच संशय घेता.”

“हाच माझा वसा, ताई.”

गप्प राहणं सोपं होतं. पट्टी हळूच खुर्चीखाली टाकली असती, तर सापडली सापडली म्हणून सगळे आनंदलेच असते. त्यांचा हात खिशात गेलाही. मग त्यांनी पत्नीकडे पाहिलं, जमिनीवर बसलेल्या त्या दोघांकडे पाहिलं, आणि पट्टी उघड्या तळहातावर सगळ्यांपुढे धरली.

“मी घेतली,” ते म्हणाले. “मला वाटलं, हिच्या जोरावर तुम्ही खोटी भेग दाखवणार.”

मुबारकभाई उठला आणि त्याने गुडघे झटकले. द्वारकाबाईंनी पट्टी पदराने पुसली, कांडी उचलली आणि पट्टीवरून फिरवली.

सुई हलली नाही.

पुन्हा फिरवली. सुई तशीच. ठाऊक असलेली भेगही यंत्राला दिसत नव्हती! मुबारकभाई वायरीचा माग काढत खुर्चीपर्यंत आला. खुर्चीचा पाय वायरीवर होता आणि वायर आतून चेंगरली होती. नवव्या भोकाच्या वेळी शेटजींनी खुर्ची पुढे ओढली होती, त्याच क्षणी यंत्र आंधळं झालं होतं.

वायरीसकट नवी कांडी जोडली. पट्टी धरली. सुई टुणकन उडाली. मग द्वारकाबाईंनी कांडी नवव्या भोकात घातली आणि सावकाश फिरवली.

अर्ध्या वळणावर सुई उडाली.

थोडं मागे घेऊन पुन्हा फिरवलं. तिथेच, तेवढीच. शेटजींनी नवव्या भोकाचा जुना बोल्ट शोधून काढला आणि टिचकी मारली. ठण्! असा स्वच्छ नाद, की कुणीही फसावं. भेग बोल्टात नव्हतीच. ती पंखात होती.

शेटजी बोल्ट तबकात ठेवत म्हणाले, “म्हणजे... मी पट्टी घेतली म्हणूनच भेग सापडली म्हणायची?”

“नाही शेटजी,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तुम्ही घेतली नसती, तर अर्ध्या तासापूर्वी सापडली असती.”

थोरली उडाली नाही. दुरुस्ती होईपर्यंत जमिनीवरच राहिली. सतराव्या सोमवारी उद्यापन गावातल्याच महादेवापुढे झालं. सोळाही जोडपी जेवून तृप्त झाली आणि चुरम्याचा पहिला द्रोण गिरिजाबाईंनी द्वारकाबाईंच्या हातात दिला.

खात्याला पाठवायच्या कागदावर द्वारकाबाईंनी लिहिलं, ‘नववं भोक तपासताना नमुन्याची पट्टी काही वेळ जागेवर नव्हती.’ शेटजींनी ते वाचलं आणि कागद परत केला.

“जागेवर का नव्हती, तेही लिहा,” ते म्हणाले. “माझं नाव घालून. खुर्चीचंही लिहा.”

त्या दिवसापासून पंखाखालची खुर्ची गेली. पण शेटजींच्या दुकानात एक नवी वस्तू आली. गल्ल्याशेजारी त्यांनी एक चिरलेलं ताम्हन टांगलं. ते विकायचं नव्हतं. रोज सकाळी दुकान उघडलं की शेटजी आधी त्याच्यावर टिचकी मारत. ‘बद्द’ ऐकू आलं की मगच दुसऱ्या भांड्याला हात लावत.

एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, “शेटजी, फुटकं भांडं कशाला वाजवता?”

शेटजी म्हणाले, “त्याची चीर मला ठाऊक आहे. आधी माझा कान तपासतो, मग तुमचं भांडं.” आणि हसले. “बरं झालं, विचारलंत.”

तात्पर्य: संशय माणसावर नव्हे, कामावर घ्यावा, आणि त्यातही पहिला आपल्या स्वतःच्या कामावर.