बिननावाचे कागद

“मग बाबा, गांजाला कायद्यानं मोकळीक मिळावी की नाही? तुम्हीच सांगा.”

निनाद राजोपाध्ये विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होता. दोन वर्षं तो दर गुरुवारी टेकडीखालच्या मठात धोंडनाथबाबांकडे यायचा. आज त्याच्या मांडीवर विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या पाहणीच्या कागदांचा गठ्ठा होता.

“पोरं काय म्हणतात?” बाबांनी विचारलं.

“तीनशे बारा जणांना विचारलं. बहुतेक म्हणतात, मिळावी. गांजापायी कुणाला तुरुंगात टाकणं अन्याय आहे, हे तर जवळजवळ सगळ्यांनाच मान्य.”

“आणि तुला?”

“मी तर उघड बोलतो, बाबा. परवा सभेत भाषण केलं. टाळ्या थांबत नव्हत्या.”

बाबांनी त्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“तुझ्या खोलीत वसंत पावरा राहायचा ना? धडगावचा?”

निनादचा चेहरा उतरला. “हो.”

“काल त्याचे वडील येऊन गेले. दोन महिने झाले, पोरगा आत आहे. जामीन राहायला माणूस मिळत नाही.”

“त्याच्या गादीखाली गांजाची पुडी सापडली...”

“त्याची नव्हती म्हणे. कुणाची, ते मात्र सांगत नाही.”

निनाद कागदांच्या कडा जुळवत राहिला.

“कुणाची होती, निनाद?”

“दोघंही अडकून काय मिळालं असतं, बाबा? मी बाहेर आहे म्हणून ही लढाई चालली आहे. कायदा बदलला की वसंतसारखे कितीतरी सुटतील.”

बाबांनी गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढला, त्याच्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

“पुडी माझी होती, एवढंच लिही. खाली नाव घाल. चौकीवर मी येतो तुझ्यासोबत. आत्ता.”

निनादनं पेन उचललं. मग त्यानं ते खाली ठेवलं.

“पाहणीच्या कागदावर नाव लिहायचं नसतं, बाबा,” तो हळूच म्हणाला. “नाव विचारलं की कुणी खरं बोलत नाही.”

त्यानं गठ्ठा पिशवीत भरला आणि नेहमीसारखा पाया पडायला वाकला.

बाबांनी पाय मागे घेतले.

“काल त्या माणसाला मी म्हटलं होतं... विद्यापीठात माझा एक शिष्य आहे, काळजी करू नका.”