पिवळं पडलेलं तिकीट

इटलीतल्या पोर्तालुना गावात मासळी विकणारी नेरीना गावच्या फुटबॉल क्लबचा एकही सामना चुकवत नसे. यंदा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. क्लबचे अध्यक्ष बाल्दुच्ची यांनी गावातच वाढलेला, पंचविशीतला कप्तान सँद्रो परक्या क्लबला विकला आणि त्याच्या जागी आणला कोण, तर गुडघे धरून जिना चढणारा अडतीस वर्षांचा रिवेल्ली!

तिने भर बाजारात जाब विचारला, तेव्हा अध्यक्ष हसले. "बाई, तुम्ही मासळी विका. दहा वर्षांपूर्वी याच रिवेल्लीने एका हंगामात तीस गोल मारलेत!"

"दहा वर्षांपूर्वी ना? बरं," एवढंच नेरीना म्हणाली. मग आठवडाभर ती मासळी देतादेता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानाला लागत राहिली.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला अध्यक्ष रिवाजाप्रमाणे स्वतः फाटकात उभे राहून वर्षभराचं तिकीट काढलेल्यांचं स्वागत करत होते. नेरीनाने एक पिवळं पडलेलं तिकीट पुढे केलं.

"अहो, हे दहा वर्षांपूर्वीचं आहे!" अध्यक्ष खेकसले. "याच्यावर आज आत कसं सोडणार?"

"का बरं? दहा वर्षांपूर्वीच्या गोलांवर तुम्ही रिवेल्लीला आत घेतलंतच की. माझं तिकीट निदान लंगडत तरी नाही!"

अध्यक्षांनी आधारासाठी तिच्या मागच्या रांगेकडे पाहिलं. रांगेतला प्रत्येक जण खिशातून पिवळं तिकीट काढत होता.