अकरावं कलम

"मांडीवर घेऊ नये... हे काय लिहिलंस?"

आनीने कागद खिडकीच्या उजेडात धरला होता. कुन्झेस दारातच उभी होती. पाठीवर पिशवी, काखेत पिवळी मांजर.

"लिहिलंय तेच, आनी. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

आनी म्हणजे लडाखमधल्या झांस्करच्या टोकाला असलेल्या त्या गावातली म्हातारी भिक्षुणी. कुन्झेस जम्मूला कॉलेज करून परतली, तेव्हापासून तीन वर्षं तिच्यापाशी पोथी वाचायला बसत होती. वाचन थोडं, वाद फार.

आज ती शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी पुन्हा जम्मूला निघाली होती. बर्फाने खिंड बंद व्हायच्या आधीची शेवटची गाडी खाली उभी होती. परत यायचं ते थेट मे महिन्यात, रस्ता उघडल्यावर.

घरात मागे कोणी नव्हतं. फक्त सेरमो, ही मांजर. तिला तोवर आनीकडे ठेवायचं होतं.

"सातूचं पीठ कोमट दुधात कालवून, दोनदा," आनी वाचत होती. "अंथरूण बुखारीच्या शेगडीपासून हातभर लांब. कान रोज बघणे... मी भिक्षुणी झाले तेव्हा मलासुद्धा कोणी इतके नियम दिले नव्हते."

"चेष्टा करू नका."

"दहा कलमं कबूल. अकरावं नाही कळत. इथल्या थंडीत माणसं एकमेकांना बिलगून झोपतात. हिने एकटीने कुडकुडायचं?"

"बुखारी आहे ना."

"पोट भरायचं, पण लळा लावायचा नाही. असंच ना?"

कुन्झेस तडकली. "हो, असंच. तुम्हा म्हाताऱ्यांचं बरं असतं. सगळं सोडा, सगळं सोडा म्हणायचं, आणि कोणी सोडलं की आयतं मांडीवर घेऊन बसायचं."

आनी हसली. तोंडात तीनच दात.

"मग शेजारच्या आंगमोकडे ठेव. ती हातसुद्धा लावायची नाही. गोठ्यात ढकलून देईल."

कुन्झेसने मांजर आणखी घट्ट धरली.

खाली गाडीचा भोंगा वाजला.

"गेल्या हिवाळ्यात तुझी आई गेली," आनी म्हणाली. "त्याआधी ही कोणाची होती?"

"...आईची."

"आईच्या अंथरुणावर किती दिवस बसून राहिली?"

"नऊ." तिने मोजले होते. "दहाव्या दिवशी माझ्याकडे आली."

"मग हाकललंस?"

त्या नऊ दिवसांत कुन्झेसच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शेजारणी कुजबुजत होत्या, पोरगी शिकली आणि दगड झाली. दहाव्या दिवशी ते ऊबदार ओझं आपणहून मांडीवर येऊन बसलं, तेव्हा कुठे ती रडली होती.

"नऊ दिवस, आनी," ती हळूच म्हणाली. "आईला विसरायला तिला नऊ दिवस पुरले. मी तर सहा महिने नसणार."

आनीने कागदाची घडी घालून बाजूला ठेवली. झगा सावरला, मांडी घातली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसती बसली...

भोंगा पुन्हा वाजला.

कुन्झेस आत येऊन वाकली. काखेतली मांजर तिने स्वतःच्या हाताने आनीच्या मांडीवर ठेवली.

सेरमो दोनदा गोल फिरली. पंजांनी झगा तुडवला. मग अंगाचं वेटोळं करून डोळे मिटले, आणि घुरघुरू लागली.

इतक्या लवकर.

कुन्झेस झटकन वळली. उंबऱ्यावर मात्र पाय अडला.

"मे महिन्यात मी आले," पाठमोरीच ती म्हणाली, "आणि ती माझ्याकडे आलीच नाही तर?"

आनीचा हात मांजरीच्या पाठीवरून फिरत होता.

"...तर तू ये तिच्याकडे."