पाण्याची पाच नावं

फार वर्षं झाली या गोष्टीला. नेमकी किती, ते कावळेखारात कोणी मोजत नाही, कारण मोजायला बसलं की म्हातारे भांडतात. कोणी म्हणतं, तेव्हा खाडीवर पूल नव्हता. कोणी म्हणतं, पुलाचं काय घेऊन बसलात, तेव्हा खाडीच इथं नव्हती, चांगली कोसभर उत्तरेला होती! तेवढं जुनं समजा आणि ऐका.

कावळेखार हे कोकणातलं गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे भातखाचरं आणि नारळी. गाव संपलं की केवड्याचं बन, आणि बनापलीकडे पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, सिद्द्यांची सात घरं. त्यांचे वाडवडील आफ्रिकेतून गलबतांत घालून आणलेले. कोणी विकलेले, कोणी पळवलेले, कोणी लढाईत धरलेले. एका मुलखातले नव्हते ते. कोणी डोंगरातले, कोणी तळ्याकाठचे, कोणी गुरं राखणारे, कोणी नारळीच्या किनाऱ्यावरचे. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. पण गलबतातून उतरले तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसांनी सगळ्यांना एकच नाव दिलं, हबशी. झालं! तेवढ्यात सगळ्यांची ओळख उरकली.

पिढ्या गेल्या आणि त्यांच्या भाषाही गेल्या. सात घरांत मराठीच बोलत. पण असं म्हणतात की प्रत्येक कुळानं एक शब्द मात्र जिवापाड जपला होता, पाण्याचा. गलबताच्या पोटात माणसांनी शेवटचा आणि सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द तोच होता ना. एक कूळ म्हणे माजी, एक म्हणे मेसी, एक बिशान आणि एक वुहा. कोणाचा शब्द खरा यावरून त्यांची आपसांत जुंपायची, ती वेगळीच मजा.

त्या सात घरांत जैनबू राहायची. विहिरी खणणारी. उंच, काळीभोर, हाताची बोटं कुदळीच्या दांड्याएवढी जाड. ती जमिनीवर टाच आपटायची, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मान कलती करून ऐकायची. मग चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि सांगायची, इथं आहे किंवा इथं नाय. तिचं कधी चुकलं नाही, असं म्हणतात. एकदा चुकलं होतं, असंही म्हणतात, पण ते सांगणारा तिचा दीर होता, तेव्हा सोडून द्या.

आता यातली गंमत बघा, आणि गंमत म्हणावं की संताप करावा ते तुम्हीच ठरवा. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरी जैनबूनं खणलेल्या, पण एकाही विहिरीवर तिला दोर टाकायची मुभा नाही! विहीर खणून झाली, पूजा झाली, की सिद्द्यांनी लांब उभं राहायचं. गावातली कोणी बाई येईल, तिला वाटलं तर ती वरून यांच्या मडक्यात पाणी ओतेल. वाटलं नाही तर दुपार टळेपर्यंत उभं राहा उन्हात. सिद्द्यांच्या घरी मूल जन्मलं की त्याची पहिली अंघोळसुद्धा असल्या मागून आणलेल्या पाण्याची. जैनबूची स्वतःची तशीच झाली होती, तिच्या लेकाची तशीच झाली. आता तिची सून सुगरा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. जैनबूनं मनाशी पक्कं केलं होतं की या बाळाला घालायचं पाणी मी माझ्या हातानं विहिरीतून काढीन. बाकी जन्मात तिला काही मागायचं नव्हतं.

त्याच साली कावळेखारच्या तोंडचं पाणी पळालं, अगदी खरोखर. गावचे खोत होते विसाजी. माणूस वाईट नव्हता, पण हावरा. गावविहिरीला पाणी पुरेना, तर दरवर्षी ती हातभर खोल करून घ्यायचे. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या वर सायीसारखं पसरलेलं असतं, हे जैनबूनं त्यांना दोनदा सांगितलं होतं. ऐकतो कोण! तिसऱ्या वर्षी कुदळ सायीच्या खाली गेली आणि विहिरीत समुद्र आला. भात शिजवला तर खारट, पेज खारट. खाडीपलीकडून होडीनं पाणी आणायची पाळी आली.

तेव्हा विसाजी खोत स्वतः केवड्याचं बन ओलांडून पुळणीवर आले. सगळं गाव मागे.

"जैनबू, विहीर दे. काय मागशील ते देतो."

"काय नको खोत," ती म्हणाली. "पाणी लागलं की आमचापण दोर त्यात पडंल. कोणी ओतायला नको. आमचं आम्ही काढू."

खोतांनी गावाकडे पाहिलं. गावाच्या घशाला कोरड पडली होती. "दिला शब्द," ते म्हणाले.

तिनं टाच आपटत आपटत अख्खं गाव पालथं घातलं आणि जागा धरली, ती नेमकी गाव आणि पुळण यांच्या मधली. सात घरं कामाला लागली. खड्ड्यातून वाळूची टोपली वर द्यायला चार माणसं एकावर एक पायऱ्यांनी उभी. पण टोपल्या सांडायला लागल्या. जो तो आपल्या कुळाच्या शब्दावर ठेका धरायचा, एकाची टोपली आधी यायची, दुसऱ्याचे हात नंतर. जैनबू खालून ओरडली, "अरे मेल्यांनो, चौघांचे चार शब्द आहेत ना? मग चार हात झाले! पहिला म्हणंल माजी, दुसरा मेसी, तिसरा बिशान, चौथा वुहा. कोणाचा शब्द कोणी खायचा नाय." आणि तसंच झालं. माजी, मेसी, बिशान, वुहा, आणि टोपली बाहेर. एकवीस दिवस तो ठेका गावात ऐकू येत होता. गावातली पोरं आट्यापाट्या खेळताना तोच म्हणायला लागली.

आठव्या हाताला पाणी लागलं. जैनबूनं चाखलं आणि कुदळ फेकून दिली. जांभळाच्या लाकडाचं कडं करून तळाशी बसवलं आणि म्हणाली, "याच्या खाली कोणी जायचं नाय. खाली समुद्र निजलाय."

पाणी असं गोड, की गाव दोन दिवस नुसतं पीतच होतं. आणि एकदा तहान भागली ना, की माणसाला काय काय आठवतं! गावातल्या चार शहाण्यांनी खोतांचे कान भरले. हबश्यांचा दोर आपल्या दोराला लागणार? आणि आठच हात का, आणखी दोन हात खणलं तर जन्माची ददात मिटेल. खोतांनी शब्द फिरवला. "तुमच्या मडक्यात भरपूर ओतू," त्यांनी निरोप धाडला, "पण दोर टाकायचा नाही. आणि उद्या आमची माणसं विहीर खोल करतील."

जैनबूला ते लागलं. सांगता सोय नाही इतकं लागलं. सून दाराशी बसली होती, पोटावर हात ठेवून. जैनबूनं तिच्याकडे पाहिलं. उजाडता उजाडता ती विहिरीवर गेली, दगडांच्या सांदीत पाय घालत खाली उतरली आणि कमरभर पाण्यात, जांभळाच्या कड्यावर बसून राहिली.

माणसं कुदळी घेऊन आली. बाया कळश्या घेऊन आल्या. खोत आले.

"बाहेर ये! पाणी बाटवलंस!"

"खोत," खालून आवाज आला, आणि विहिरीमुळे तो घुमत होता, "कडं बसवताना माझे पाय याच पाण्यात होते. दोन दिवस तुम्ही तेच प्यालात. तेव्हा बाटलं नाय, आता कसं बाटलं? खणायचं तर मला धरून खणा."

खोतांनी हुकूम दिला, ती बाहेर येईपर्यंत कोणी दोर टाकायचा नाही. ऊन चढलं, कळश्या रिकाम्या. ती बसून होती एक दिवस, कोणी म्हणतात तीन.

आणि अशा वेळी खोतांची लेक दुर्गा, बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. घरात गोड्या पाण्याचा थेंब नाही. भागी सुईण तेवढी सगळ्यांच्या घरी जाणारी, सिद्द्यांच्याही. ती कोणाला विचारत बसली नाही. कळशी घेऊन तरातरा विहिरीवर आली, माणसांना बाजूला सारलं आणि दोर सोडला.

"जैनबू गो, पोर झाली दुर्गीला. कळशी भर."

खाली जैनबूनं कळशी हातात घेतली. खोताचं रक्त. रिकामी कळशी वर पाठवली असती तर तिला कोण काय म्हणणार होतं? पण तिनं दोन्ही हातांनी ओंजळीनं कळशी भरली, अगदी काठोकाठ, आणि म्हणाली, "ने. पाण्याला माझी टाच लागलीय म्हणावं. पोर लवकर चालंल."

भागीनं पोरीला अंघोळ घातली आणि जे घडलं ते दुर्गेला सांगितलं. दुर्गेनं बापाला बोलावलं. बाजेवरून उठवत नव्हतं तिला, पण आवाज खणखणीत होता. "बाबा, ते पाणी बाटलेलं असेल तर ही पोर बाटली आणि मीही बाटले. दोघींना पुळणीवर जागा करून द्या, आम्ही जातो. नाहीतर आत्ता जा आणि तिला वर घ्या."

विसाजी खोत विहिरीवर गेले. सगळ्या गावादेखत काठावर गुडघे टेकले आणि दोर खाली सोडला. "जैनबू, चुकलो. ये वर. दोर तुझाच आहे."

तिचे पाय बधिर झाले होते, तिला चढवेना. तेव्हा तिनं बसल्या जागी टाच आपटली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि असं म्हणतात की विहिरीचं पाणी चढू लागलं. शांतपणे चढत काठापर्यंत आलं, आणि होडीतून उतरावं तशी जैनबू काठावर उतरली. मग पाणी होतं तिथं परत गेलं. भागीनं हे डोळ्यांनी पाहिलं. भागीला उन्हात नीट दिसत नसे असंही म्हणतात, पण मग जैनबू वर आली कशी ते सांगा.

दहा-बारा दिवसांनी सुगरा बाळंत झाली. जैनबू नवी कळशी घेऊन विहिरीवर गेली. दोर टाकला. जन्मात पहिल्यांदा. इतक्यात मागून दुर्गा आली, ओली बाळंतीण, अंगावर शाल, आणि दोराला हात घालून म्हणाली, "मावशी, माझ्या लेकीला तू दिलंस. तुझ्या नातवंडाला मी काढते."

जैनबूला ते आवडलं नाही. पुन्हा दुसऱ्याच्या हातचंच पाणी? याचसाठी का बसले होते मी खाली? तिनं दोर सोडला नाही. दुर्गेनंही सोडला नाही. दोघी तशाच उभ्या. मग जैनबूनं पोरीचा फिकुटलेला चेहरा पाहिला, आणि तिच्या लक्षात आलं की ही ओतायला आलेली नाही, ओढायला आली आहे.

"बरं," ती म्हणाली. "वर माझे हात, खाली तुझे. ओढ."

माजी, मेसी, बिशान, वुहा, जैनबू म्हणत गेली आणि कळशी काठाला आली. ती थांबली. "आता तुझा शब्द म्हण."

दुर्गा रडत होती. "पाणी," ती म्हणाली.

आता कावळेखारात घरोघरी नळ आहेत. मुलं तालुक्याच्या दवाखान्यात जन्मतात. पण कोणाचंही मूल असो, गावातलं, पुळणीवरचं, नाहीतर नोकरीपायी लांब गेलेल्यांचं, त्याची पहिली अंघोळ जैनबूच्या विहिरीच्याच पाण्यानं होते. ते पाणी दोन बाया काढतात, एक बाळाच्या घरातली आणि एक बनाच्या दुसऱ्या अंगाची. आधी टाच आपटतात, तीनदा. मग चार हात एका दोरावर, आणि ओढताना तेच पाच शब्द. वैशाखात गाळ काढतात तेव्हा जांभळाच्या कड्याला हात लागला की कुदळ थांबते, अजून आठच हात.

परगावच्या सुना विचारतात, हे माजी, मेसी, बिशान, वुहा म्हणजे काय हो? म्हाताऱ्या सांगतात, पाणी. आणि मग पाचवा शब्द? तोही पाणीच गो, कळशी धर नीट.