न लावलेले दार

फार पूर्वी शिरीषपूर नावाच्या नगरात राजा महीसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका कथेकऱ्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव भद्रिल. नगराच्या उत्तर वेशीबाहेर, जिथून व्यापाऱ्यांचे तांडे वाळवंटाकडे निघत, तिथे चिंचेखाली एक चौथरा होता. दुपार कलली की भद्रिल त्या चौथऱ्यावर बसून गोष्ट सांगे.

शिरीषपुरात रिकाम्या हाताने गोष्ट ऐकणे अशुभ मानीत. ऐकायला येताना प्रत्येक जण काहीतरी काम घेऊन येई. कोणी वाती वळी, कोणी धान्य निवडी, कोणी दोर वळी.

भद्रिलाची प्रत्येक गोष्ट लोकांपुढे जाण्याआधी त्याची पत्नी चंपा ऐके. ती शेंगा सोलत बसायची, आणि एखादे वाक्य खोटे वाटले की सोलणे थांबवून नुसती त्याच्याकडे पाहायची. मग भद्रिल ते वाक्य पुन्हा घडवी. गेल्या ग्रीष्मात ताप येऊन ती गेली. त्यानंतर तो नव्या गोष्टी रिकाम्या घरात स्वतःशी म्हणून पाही, पण कुठे थांबायचे ते त्याला कळत नसे.

चंपाने ऐकलेली शेवटची गोष्ट एका दाराची होती. एका बाईचा मुलगा तांड्याबरोबर वाळवंटात जातो आणि परत येत नाही. ती रोज रात्री दार उघडे ठेवते. शेजारी समजावतात, हसतात, मग गप्प बसतात. ती म्हातारी होते, कडी गंजते. पुढे काय, यावर भद्रिल अडला होता. तेव्हा चंपा सूप बाजूला सारून म्हणाली होती, "पुढं काय व्हायचंय? तिनं दार लावलं नाही. एवढंच."

गोष्टीचा शेवट तोच झाला.

त्या राज्यात कौमुदी उत्सवाला राजा एक गोष्ट निवडीत असे. राजाचे पाठक ती मुखोद्गत करून गावोगाव नेत. गोष्ट पाठ करणे हे पाठकांचेच काम, अशी रीत होती. इतरांनी फक्त ऐकायचे. त्यामुळे जी गोष्ट निवडली जात नसे, ती सांगणाऱ्याबरोबरच संपे. भद्रिलाला ना मूल होते, ना शिष्य. दाराची गोष्ट आपल्यामागे राहावी, एवढी एकच इच्छा त्याच्यात उरली होती.

पण चौथऱ्यापुढची माणसे कमी होत चालली होती. दक्षिण वेशीवर एक जण मृदंगाच्या साथीने राक्षसांच्या गोष्टी सांगू लागला होता. चौथऱ्याशेजारी फुले विकणारा धनक भद्रिलाचा जुना मित्र होता. तो म्हणे, "गड्या, तुझ्या गोष्टीत ना हत्ती, ना राक्षस. माणसं इथं येऊन घरी बसल्यासारखी बसतात. त्यासाठी वेशीबाहेर कशाला यायचं?"

एके दिवशी राजासाठी गोष्टी निवडणारा अधिकारी पुष्कर चिंचेखाली आला. रीतीप्रमाणे त्याने हातात थोडा कापूस घेतला होता. दाराची गोष्ट संपली तेव्हा त्याच्या हातातली वात अर्धीच होती.

"भद्रिल, इतकी चांगली गोष्ट मी बऱ्याच दिवसांत ऐकली नाही," तो म्हणाला. "फक्त मुलगा परत येऊ दे."

"तो येत नाही, आर्य."

"आणता येतो की. हत्तीवर बसवून आण, शंख वाजू देत. उत्सवाला लोक रडायला येत नाहीत. शेवट तेवढा बदल, बाकी एका शब्दाला हात लावू नकोस."

"आणि नाही बदलला तर?"

"तर गोष्ट इथंच राहील. तू आहेस तोवर." पुष्कर हे वाईट हेतूने बोलला नाही. "उद्या मी पुन्हा येतो. नवा शेवट ऐकव."

तो गेल्यावर धनक म्हणाला, "एक पोरगं घरी आणायचं, त्यात तुझं काय जातं? त्याची आई तर खूशच होईल."

भद्रिलाने विचार केला. गोष्ट गेली तर तिच्याबरोबर चंपाचे सगळेच जाईल. शेवट बदलला तर निदान बाकीची गोष्ट राहील. दुसऱ्या दिवशी त्याने मुलाला हत्तीवर बसवून आणले. आवाज चढवला, हात उंचावले. लोकांनी कामे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. धनकाने मूठभर फुले उधळली. "पौर्णिमेला दरबारात ये," असे सांगून पुष्कर समाधानाने निघून गेला.

माणसे पांगली. एक म्हातारी तेवढी मागे राहिली. तिचे नाव वसुला. तिची नजर कधीच गेली होती. ती दोर वळून तांडेवाल्यांना विकी आणि रोज चिंचेच्या बुंध्याशी बसे. दोराचे वेटोळे करीत तिने विचारले, "बाबा, इथं आधी एक जण गोष्ट सांगायचा. तो गेला का?"

भद्रिल म्हणाला, "कोण?"

"नाव नाही ठाऊक. थांबत थांबत सांगायचा. ही दाराची गोष्ट त्याचीच. तू ती त्याच्याकडून घेतलीस वाटतं. वाजवून सांगतोस चांगली."

"त्याची जास्त चांगली होती?"

"चांगली-वाईट मला काय कळतंय. माझा लेक तांड्याबरोबर गेला, तो आला नाही. गावात ज्याला त्याला वाटतं, म्हातारीनं आता दार लावावं. इथं येऊन बसलं की वाटायचं, आणखीही कोणीतरी लावलेलं नाही." ती काठी चाचपत उठली. "आज तिचाही लेक आला. मग मी एकटीच राहिले."

भद्रिलाने तिला हाताला धरून वेशीपर्यंत पोचवले. आपण कोण, हे त्याने सांगितले नाही. सांगण्यासारखे त्याच्यापाशी त्या दिवशी काही नव्हते.

घरी येऊन तो चंपाच्या जागेसमोर बसला आणि नवा शेवट हळू म्हणू लागला. हत्ती अंगणात येण्याआधीच त्याचा आवाज थांबला. कुठे थांबायचे ते आज त्याला कळले होते. गोष्ट माझ्याबरोबर संपली तरी चालेल, पण ती खोटी होऊन जगणार नाही, असा निश्चय त्याने केला. आणि त्यानंतर त्यावर पुन्हा विचार केला नाही.

पौर्णिमेला भरल्या दरबारात त्याने गोष्ट सांगितली, आपल्या आवाजात, थांबत थांबत. "ती म्हातारी झाली. दाराची कडी गंजली. तिनं दार लावलं नाही. एवढंच."

टाळी वाजली नाही. पुष्कर पुढे येऊन म्हणाला, "महाराज, असं ठरलं नव्हतं. मुलगा परत येतो."

राजाने भद्रिलाकडे पाहिले. "का आणला नाहीस त्याला?"

"महाराज, ज्यांची मुले परत आली, त्यांना या गोष्टीची गरज नाही. ती माणसे घरी मुलांना वाढत असतील. ही गोष्ट दुसऱ्यांसाठी आहे."

राजा म्हणाला, "तू खरे बोलतोस. पण उत्सवाला मला माझी प्रजा हसताना पाहायची आहे. ही गोष्ट पाठकांना देता येणार नाही."

भद्रिलाने नमस्कार केला आणि तो निघाला.

चौथऱ्याशी धनक वाट पाहत होता. "काय झालं?"

"नाही घेतली."

"आणि हत्ती?"

"हत्ती सोडून दिला."

धनक हसला नाही. त्याने जास्वंदीची टोपली बाजूला सरकवली आणि हार ओवायला घेऊन खाली बसला. समोर माणसे थोडीच होती. भद्रिलाने तीच गोष्ट सांगितली. शेवटचे वाक्य झाल्यावर कोणी लगेच उठले नाही.

वसुलाने वळलेला दोर बोटांतून मागे ओढून पाहिला. एका जागी तिची बोटे थांबली. "इथं पीळ सैल पडला बघ," ती म्हणाली. मग चेहरा त्याच्याकडे वळवून म्हणाली, "म्हणजे तू गेला नव्हतास."

"गेलो होतो, माय. परत आलो."

"बरं झालं." तिने तो सैल पीळ घट्ट केला. "राजाच्या पाठकांना नको, तर मला दे ती गोष्ट. रीत नाही म्हणतील. म्हणू देत. मला या वयात कोण काय करणार?"

भद्रिलाने तिला ती गोष्ट वाक्यावाक्याने दिली. वसुला दोर घ्यायला येणाऱ्या तांडेवाल्यांना ती सांगे, आणि ते वाळवंटातल्या मुक्कामांवर एकमेकांना सांगत. भद्रिल गेल्यावरही ती तशीच चालू राहिली. कधी एखादा हौशी माणूस तिच्यात हत्ती आणू पाही, तेव्हा ऐकणाऱ्यांतले कोणीतरी म्हणे, "नाही. तिनं दार लावलं नाही. एवढंच."

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवनात एका भिक्षूला सांगितली. तो भिक्षू उपदेश करताना ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहून शब्द फिरवीत असे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा पुष्कर तू होतास, वाईट नव्हतास, आजही नाहीस. धनक म्हणजे आनंद. चंपा म्हणजे राहुलमाता. दोर वळणारी वसुला म्हणजे ही उपासिका, जी आत्ता दारापाशी बसून आपल्या भिक्षू झालेल्या मुलासाठी चीवर शिवते आहे. आणि तो कथेकरी मीच होतो. त्या जन्मी मी अधिष्ठान पारमिता पूर्ण केली. जे सत्य म्हणून ओळखले, त्यावरून न हलणे हेच अधिष्ठान."

भिक्षूने मान खाली घातली. दारापाशी बसलेल्या उपासिकेची सुई मध्येच थांबली होती.