दगडावरचा थेंब

"गोळी कधीपासून बंद केलीस?"

रेवणबुवांनी वस्तरा अजून उघडला नव्हता. शंभूअण्णा मुंडणाच्या दगडावर मान वाकवून बसलेले.

"सोमवारपासून. पण तुम्हाला कुणी सांगितलं?" अण्णांनी माझ्याकडे डोळे वटारले.

सांगितलं मीच. गोळी सोडल्याची फुशारकी वाटेत जीपमध्ये अण्णांनीच मारली होती. मी सुपारीचा व्यापारी, पोत्यात हात न घालता ओल ओळखतो. मठाशी उतरताना अण्णांची डावी पोटरी उजवीच्या दीडपट दिसली, आणि मी आधी जाऊन बुवांच्या कानावर घातलं.

मठाचा नेम असा, की बुवांकडून उपदेश, म्हणजे गुरुमंत्र, घेण्याआधी त्यांच्याच हातून मुंडण. त्या दगडावर रक्ताचा थेंब पडला, तर उपदेश वर्षभर पुढं. आणि अण्णांनी तर अख्ख्या पेठेला जेवायला बोलावलेलं. मागच्या आवारात बुंदी पाडणं चालू होतं.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"वखारीत ओंडका पायावर आला, तेव्हा शीर आतून दुखावली. तिथं रक्ताची गाठ धरली. म्हणून रक्त पातळ करायची गोळी."

"पातळ होत नाही रे त्यानं. गोठायला उशीर लागतो, इतकंच."

"तेच ते! वस्तरा लागला आणि रक्त थांबलंच नाही, तर? सगळ्या पेठेसमोर शोभा होईल, बुवा. आता हे बघा..." अण्णांनी हनुवटी पुढं केली. "सकाळी दाढी करताना कापलं. बघता बघता खपली!"

बुवा हसले नाहीत.

"बाहेर धरली. आत पण धरत असेल..."

अण्णांनी हनुवटी मागं घेतली.

"दम लागतोय का?"

"पायऱ्या चढून आलो ना, म्हणून..."

"येऊन बसलास त्याला कितीतरी वेळ झाला, शंभू."

मागं कढईत बुंदी चर्र वाजली. अण्णांच्या कपाळावर घाम. माझ्याही.

"आधी उपदेश द्या, बुवा. मग सरळ दवाखान्यात जातो. आईशपथ."

बुवांनी वस्तरा उघडला.

आणि स्वतःच्या अंगठ्याला लावला.

टप्...

"बुवा! हे काय केलंत?"

"दगड विटाळला. आज कुणाचंच मुंडण नाही. सुपारीवाले, जीप काढा. दवाखान्यात पहिलं हेच सांगा, गोळी बंद केलीय, पोटरी सुजलीय, दम लागतोय."

अण्णा उठेनात. त्यांची नजर बुवांच्या अंगठ्यावर. मी माझा पंचा त्याच्यावर घट्ट दाबून धरला होता, तरी लाल डाग पसरतच होता...

"बुवा, हे थांबत का नाही?"

"थांबेल. सावकाश."

बुवांनी दुसऱ्या हातानं कफनीच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. अण्णांनी सोमवारपासून बंद केली तीच गोळी, पण ही पट्टी बुवांची स्वतःची, निम्मी संपलेली.

"लगेच थांबत असतं, तर तुला उपदेश द्यायला मी उरलो असतो का?"